बाजार समितीचा मतदार कोण?

२०२३ च्या एप्रिलअखेरीस मी आमच्या तालुक्याच्या कृषी उत्पन्न बाजार समितीसाठी पहिल्यांदा मतदान केले. त्या आवारात त्याआधी किती वेळा गेले असेन याची मोजदाद नाही. लग्न होऊन नाशिक जिल्ह्यातल्या या कांद्याच्या पट्ट्यात आल्यापासून पहाटे ट्रॉली भरून देणे, कधी बरोबर जाणे, लिलावाची ओळ पुढे सरकेपर्यंत ट्रॅक्टरच्या सावलीत बसून राहणे, हे सारे केले आहे. पण हे मत मला कांदा पिकवते म्हणून मिळालेले नव्हते. डिसेंबर २०२२ मध्ये मी महिलांसाठी राखीव जागेवरून ग्रामपंचायतीवर निवडून आले आणि ग्रामपंचायत सदस्य या नात्याने माझे नाव बाजार समितीच्या मतदारयादीत आले. ज्या सासऱ्यांनी त्याच आवारात चाळीस वर्षे माल विकला, ते मला मतदान केंद्राच्या फाटकापर्यंत सोडायला आले आणि बाहेर थांबले, कारण यादीत त्यांचे नाव नव्हते.

परतीच्या वाटेवर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. घर जवळ आल्यावर एवढेच म्हणाले, "माल आपला, बाजार आपल्यासाठी बांधलेला, मग मतदार दुसराच कसा?" त्या दिवशी मला त्यांना नीट उत्तर देता आले नाही. नंतर मी कायदा वाचला, जुन्या संचालकांशी बोलले, सहायक निबंधकांच्या कार्यालयात जाऊन मतदारयादी कशी तयार होते ते समजावून घेतले. त्यातून जे हाती लागले ते इथे लिहिते आहे, कारण ज्यांचा संसार या आवारातल्या भावावर चालतो अशा बहुतेकांना संचालक मंडळ कसे निवडले जाते आणि काय करते हे कोणी सांगितलेलेच नसते.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. बाजार समितीला पुष्कळ लोक सहकारी संस्था समजतात, आणि तसे वाटण्याला कारणही आहे, कारण तिच्यावर देखरेख सहकार खात्याची असते आणि निवडणूकही सहकार क्षेत्राच्या यंत्रणेकडूनच होते. पण सोसायटीला जसे भागधारक सभासद असतात तसे बाजार समितीला नसतात. महाराष्ट्र कृषी उत्पन्न पणन (विकास व विनियमन) अधिनियम, १९६३ या कायद्याने ती जन्माला येते, ठरवून दिलेल्या बाजारक्षेत्रावर तिला नियमनाचे अधिकार मिळतात, आणि खरेदीदारांकडून कायद्याच्या जोरावर वसूल होणाऱ्या शुल्कावर तिचा कारभार चालतो. राज्यात अशा तीनशेहून अधिक समित्या आहेत. ज्या अर्थी तिचा पैसा कायद्याने गोळा केलेला आहे, त्या अर्थी तो सार्वजनिक पैसा आहे, आणि म्हणूनच तिची कागदपत्रे माहिती अधिकारात मागता येतात. सभासद नसलेल्या संस्थेचे संचालक निवडायचे कोणी, हा प्रश्न इथूनच सुरू होतो.

माझ्या तालुक्यात मतदान झाले ती रचना अठरा निवडून आलेल्या संचालकांची होती. त्यांपैकी अकरा सेवा सहकारी संस्थांच्या, म्हणजे गावोगावच्या, शेतकऱ्यांना पीककर्ज देणाऱ्या विविध कार्यकारी सोसायट्यांच्या, मतदारसंघातून येतात: सात सर्वसाधारण, दोन महिला, एक इतर मागासवर्गीय आणि एक विमुक्त जाती-भटक्या जमातींचा. चार ग्रामपंचायतींच्या मतदारसंघातून येतात: दोन सर्वसाधारण, एक अनुसूचित जाती-जमातींचा आणि एक आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातला. दोन संचालक परवानाधारक व्यापारी आणि अडते (शेतकऱ्याचा माल दलालीवर विकून देणारे) निवडतात, तर एक हमाल आणि तोलारी, म्हणजे माल तोलणारे. पंधरा शेतकरी, दोन व्यापारी, एक कष्टकरी, असा हा हिशेब कागदावर शेतकऱ्याच्या बाजूने भक्कम दिसतो. निवडून आलेल्यांखेरीज पदसिद्ध सदस्यांच्या तरतुदी कायद्यात वेळोवेळी बदलत आल्या आहेत, पण बहुमत ठरते ते या अठरांवर.

कायद्यातली एक चांगली गोष्ट इथे नोंदवली पाहिजे. शेतकरी म्हणजे कोण याची व्याख्या करताना कायदा म्हणतो की शेतमालाचा व्यापारी किंवा दलाल स्वतः शेती करत असला तरी तो या कायद्यापुरता शेतकरी धरला जाणार नाही. दहा एकर द्राक्षबाग असलेल्या अडत्याला शेतकऱ्यांच्या पंधरा जागांवर उभे राहता येऊ नये, यासाठी ही भिंत आहे. ती प्रत्यक्षात किती उंच राहते हा वेगळा प्रश्न आहे, कारण परवाना एका भावाच्या नावावर आणि उमेदवारी दुसऱ्या भावाची, असे घडते तेव्हा कायदा काहीच करू शकत नाही. अर्जांच्या छाननीत यावरूनच सर्वांत जास्त हरकती येतात.

आता मतदारांकडे वळू. अकरा जागांसाठी मत देणारे हे सोसायटीचे सभासद नसतात. सोसायटीच्या संचालक मंडळावर निवडून आलेले लोक असतात. चार जागांसाठी मत देणारे गावकरी नसतात. ग्रामपंचायतीचे सदस्य असतात. म्हणजे शेतकरी आधी सोसायटीत किंवा गावात मत देतो, तिथून निवडून आलेला माणूस बाजार समितीचा संचालक निवडतो आणि ते संचालक आपल्यातून सभापती निवडतात. सभापती आणि कांदा विकणारा शेतकरी यांच्यामध्ये अशा दोन निवडणुका उभ्या असतात, आणि त्या दोन्ही बाजाराच्या प्रश्नावर लढवल्या जात नाहीत. आमच्या गावात ग्रामपंचायतीची निवडणूक पाणीपुरवठा, रस्ता आणि स्मशानभूमीच्या शेडवर झाली. मी घरोघर फिरले तेव्हा एकाही मतदाराने मला विचारले नाही की पुढे बाजार समितीत तुम्ही कोणाला मत देणार. सोसायटीची निवडणूक तर बहुधा पीककर्जाच्या वाटपावर आणि भावकीच्या बेरजांवर ठरते.

या रचनेचा परिणाम आकड्यांत स्पष्ट दिसतो. सोसायटीच्या संचालक मंडळात साधारण तेरा जण असतात. ज्या तालुक्यात साठ सोसायट्या आहेत तिथे अकरा संचालकांचे भवितव्य आठशेहून कमी माणसांच्या हातात असते, आणि त्याच आवारात वर्षभरात माल आणणारे शेतकरी कित्येक हजारांत असतात. आठशे मतदारांची निवडणूक ही प्रचारसभेने जिंकायची निवडणूक राहत नाही. प्रत्येक मतदाराचे नाव, नातेवाईक, जुने देणे-घेणे, कोणाच्या शब्दाबाहेर तो जात नाही, हे सारे वहीत लिहून ठेवता येते आणि लिहून ठेवलेही जाते. पॅनेल तयार होतात, पॅनेलला एक सामायिक चिन्ह मिळावे म्हणून धडपड होते आणि शेवटच्या आठवड्यात मतदारांना देवदर्शनाच्या नावाखाली सहलीला नेले जाते. मलाही तीन दिवसांच्या सहलीचे निमंत्रण आले होते. घरी कांदा काढणी चालू आहे असे सांगून मी ते नाकारले, आणि तेव्हापासून मतदानापर्यंत दोन्ही बाजूंच्या लोकांनी मला संशयाच्या यादीत टाकले हे मला त्यांच्या बोलण्यातून कळत होते. नाकारणारी मी एकटी नव्हते, हेही सांगायला हवे.

मतदान मात्र शिस्तीत झाले. राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरणाच्या नियंत्रणाखाली, जिल्हा उपनिबंधकांच्या देखरेखीत, कागदी मतपत्रिकांवर शिक्का मारून ते होते. ग्रामपंचायत मतदारसंघातल्या मतदाराला चारही जागांसाठी मत देता येते, त्यामुळे मी स्वतः कोणत्या प्रवर्गातली आहे याचा तिथे संबंध नव्हता. त्या वर्षीची निवडणूक मुळातच फार लांबलेली होती. कोविडमुळे मुदती वाढत गेल्या होत्या. त्यात ज्या सोसायट्यांमधून मतदार यायचे त्यांच्याच निवडणुका व्हायच्या राहिल्या होत्या, आणि आधी त्या उरकल्याशिवाय बाजार समितीची यादी खरी ठरणार नव्हती. डिसेंबरात निवडून आलेल्या आमच्यासारख्या नव्या ग्रामपंचायत सदस्यांना यादीत घेण्याचा प्रश्नही आला आणि तारखा पुन्हा पुढे गेल्या. अखेर एप्रिलच्या शेवटच्या दिवसांत राज्यातल्या बहुतेक समित्यांची मतदाने एका पाठोपाठ झाली. एका मंडळाच्या निवडणुकीसाठी आधी शेकडो छोट्या निवडणुका व्हाव्या लागतात, ही अप्रत्यक्ष पद्धतीची किंमत फारशी कोणी मोजत नाही.

ही पद्धत आली कुठून, हे समजल्याशिवाय तिच्यावर राग काढणे योग्य होणार नाही. भारतातला पहिला नियमित बाजार म्हणून ज्याचा उल्लेख होतो तो आपल्याच विदर्भातला, कारंजा इथला, १८८६ चा कापूस बाजार. पाठोपाठ १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला, पण त्या समित्यांवर वर्चस्व व्यापाऱ्यांचे होते. १९२८ च्या शाही कृषी आयोगाने नियमित बाजारांचा आग्रह धरला, १९३९ मध्ये मुंबई प्रांताचा कायदा झाला, आणि १९६३ च्या कायद्याने शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींचे बहुमत पक्के केले. त्या काळात सोसायट्यांच्या संचालकांना मतदार करणे स्वाभाविक वाटले असणार. शेतकऱ्यांची गावपातळीवरची संघटित यादी दुसऱ्या कोणाकडे नव्हती, आणि कर्ज सोसायटीतून घ्यायचे, माल बाजार समितीत विकायचा आणि त्यातून कर्ज फेडायचे, अशी साखळी तेव्हाच्या धुरिणांच्या मनात होती. माझ्या मते ती कल्पना तेव्हा योग्यच होती. आज सोसायटीचे कर्ज न घेणारा, बँकेकडे वळलेला किंवा थकबाकीत अडकलेला शेतकरी त्या साखळीबाहेर आहे, पण माल मात्र त्याच आवारात आणतो.

शेतकऱ्याला थेट मत देण्याचा प्रयोग एकदा झालेला आहे. २०१७ मध्ये कायदा बदलून किमान दहा गुंठे जमीन असलेल्या आणि पाच वर्षांत किमान तीन वेळा त्या समितीत माल विकलेल्या शेतकऱ्याला मतदार करण्याचे ठरले, आणि बाजारक्षेत्राचे पंधरा गण पाडण्यात आले. २०१८ मध्ये सोलापूर आणि बार्शीच्या समित्यांची निवडणूक अशा थेट मतदानाने झाली. मतदारसंख्या शेकड्यांतून एकदम हजारोंच्या घरात गेली, तसा निवडणुकीचा खर्चही वाढला, आणि तो उचलायचा होता समित्यांनीच. लहान समित्यांचे वार्षिक उत्पन्नच तुटपुंजे असते. त्यांना हा भार पेलणारा नव्हता. २०२० मध्ये नव्या सरकारने खर्चाचे कारण देत जुनी पद्धत परत आणली. २०२२ च्या जुलैत पुन्हा सरकार बदलल्यावर थेट मताचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तरी २०२३ ची निवडणूक सोसायटी आणि ग्रामपंचायतींच्या यादीवरच झाली. सरकार बदलले की मतदार बदलतो, ही कोणत्याही निवडून येणाऱ्या मंडळासाठी चांगली स्थिती नव्हे.

माझा स्वतःचा कल थेट मताकडे आहे. तरीही त्या दहा गुंठ्यांच्या अटीने मला विचारात पाडले. आमची जमीन सासऱ्यांच्या आणि माझ्या यजमानांच्या नावावर आहे. सातबाऱ्यावर माझे नाव नाही. लक्ष्मीमुक्ती योजनेखाली पत्नीचे नाव सातबाऱ्यावर लावता येते हे मला ठाऊक आहे, पण आमच्या वाडीत ज्यांनी ते लावून घेतले अशी घरे एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. म्हणजे थेट मतदान आले तर फाटकाबाहेर थांबलेले माझे सासरे आत जातील आणि मी बाहेर थांबेन. आज मला मत आहे ते ग्रामपंचायतीतल्या महिला आरक्षणामुळे. कांद्याची रोपे लावणाऱ्या, काढणाऱ्या, पात कापणाऱ्या आणि चाळीत प्रतवारी करणाऱ्या बायका कोणत्याच यादीत नाहीत. वाट्याने किंवा खंडाने शेती करणारा माणूसही नाही, कारण त्याच्या नावावर जमीन नसते. यादी करायचीच तर ती सातबाऱ्यावरून न करता आवारातल्या हिशेबपट्ट्यांवरून, म्हणजे माल विकल्यावर हाती पडणाऱ्या पावत्यांवरून करावी, म्हणजे ज्याने माल आणून विकला तो मतदार, आणि पट्टी फाडताना घरातल्या दोन नावांची नोंद करण्याची मुभा असावी, असे मला मनापासून वाटते. पट्ट्यांची नोंद आता बहुतेक ठिकाणी संगणकावर होते. पाच वर्षांची यादी काढणे अशक्य काम नाही.

निवडून आलेले मंडळ पहिले काम करते ते सभापती आणि उपसभापती निवडण्याचे. प्राधिकृत अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली त्यासाठी खास बैठक होते आणि मतदार फक्त निवडून आलेले संचालक असतात. अठरा जणांत दहा मते लागतात, त्यामुळे निकालाची संध्याकाळ आणि ही बैठक यांच्यामधले दिवस संचालकांच्या सहलीचे असतात. दोन गट एकत्र आले असतील तर सभापतिपदाची वर्षे वाटून घेतली जातात, आणि ठरलेल्या तारखेला राजीनामा आला नाही की अविश्वास ठरावाची हालचाल सुरू होते. मंडळाची मुदत पाच वर्षांची, पण एका कारभाऱ्याला सलग पाच वर्षे मिळतातच असे नाही.

खरा कारभार मासिक बैठकीत चालतो. विषयपत्रिका सचिव काढतात. ते समितीचे मुख्य कार्यकारी अधिकारी असतात आणि मंडळ बदलले तरी तेच राहतात, म्हणून नव्या संचालकाला पहिले वर्षभर तरी सचिवांकडूनच सारे शिकावे लागते. सूचक, अनुमोदक, ठराव आणि इतिवृत्त या चार शब्दांत बैठक मावते, पण त्या ठरावांत काय असते ते पाहा. कोणाला व्यापाराचा परवाना द्यायचा, कोणाचा नूतनीकरणाशिवाय ठेवायचा. कोणता गाळा आणि कोणता भूखंड कोणाला किती भाड्याने द्यायचा. उपबाजार कुठे उघडायचा. भुईकाटा कुठे बसवायचा. लिलाव किती वाजता आणि किती सत्रांत करायचे. सुट्ट्या किती ठेवायच्या. नाशिक भागात अमावस्येला लिलाव बंद ठेवण्याची प्रथा वर्षानुवर्षे चालली. उन्हाळ्यात चाळीतला माल तापत असताना एका बंद दिवसाची किंमत काय असते हे शेतकऱ्यालाच कळते, आणि सुट्टी ठेवायची की नाही हे ठरवणे मंडळाच्याच हातात असते.

उपबाजाराचा विषय तर मी सर्वांत महत्त्वाचा मानते. लासलगावच्या समितीचे विंचूरला उपबाजार आवार आहे. त्यामुळे त्या बाजूच्या गावांची वाहतूक किती वाचली हे तिथल्या कोणत्याही ट्रॅक्टरवाल्याला विचारावे. असा उपबाजार मागणारी गावे प्रत्येक तालुक्यात असतात, आणि तो कोणत्या गावाला मिळतो हे बहुधा मंडळात त्या बाजूचा संचालक आहे की नाही यावर ठरते.

मंडळाला सारे काही मनासारखे करता येते असेही नाही. जागा घ्यायची किंवा बांधकाम काढायचे तर पणन संचालकांची पूर्वमंजुरी लागते. आवारात ती 'बारा एकची परवानगी' म्हणून ओळखली जाते, कारण ती कायद्याच्या कलम १२(१) खाली येते. अंदाजपत्रक वर पाठवावे लागते, लेखापरीक्षण होते, आणि तक्रारी आल्या तर जिल्हा उपनिबंधक चौकशी लावू शकतात. गैरकारभार सिद्ध झाला तर शासन मंडळ बरखास्त करून प्रशासक नेमू शकते. हा अधिकार आवश्यक आहे, पण धोक्याचाही आहे. पुण्याच्या बाजार समितीत जवळजवळ दोन दशके निवडून आलेले मंडळ नव्हते आणि कारभार प्रशासकांच्या किंवा नेमलेल्या मंडळांच्या हाती होता. तिथेही मतदान झाले ते २०२३ मध्येच. वीस वर्षे एवढ्या मोठ्या बाजाराला मतदारच नसावा, ही गोष्ट मला अप्रत्यक्ष मतदानापेक्षाही जास्त खटकते.

पैशाचे गणित साधे आहे. पंचवीस क्विंटलची ट्रॉली पंधराशे रुपये क्विंटलने गेली तर साडेसदतीस हजारांचा माल झाला. बाजार शुल्क, ज्याला सगळे सेस म्हणतात, शेकडा एक रुपया धरले तर समितीला पावणेचारशे रुपये मिळतात. हे शुल्क खरेदीदाराने भरायचे असते, शेतकऱ्याच्या पट्टीतून कापायचे नसते. त्याखेरीज शंभर रुपयांमागे पाच पैसे देखरेख खर्च शासनाचा. फळे आणि भाजीपाल्याची अडतही २०१६ पासून शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची आहे. शेतकऱ्याच्या पट्टीत वजा दिसते ती हमाली आणि तोलाई. ज्यांनी आपली पट्टी कधी ओळ न ओळ वाचली नसेल त्यांनी ती एकदा वाचावी, असे मी बचत गटातल्या बायकांना नेहमी सांगते.

समितीचा खरा कस वांध्याच्या वेळी लागतो. लिलावात भाव ठरतो, ट्रॉली व्यापाऱ्याच्या खळ्यावर जाते, आणि तिथे माल ओतल्यावर खाली वेगळा निघाला असे म्हणून भाव तोडला जातो. त्याला आमच्याकडे वांधा म्हणतात. तीन वर्षांपूर्वी आमच्या एका ट्रॉलीचा असा वांधा झाला. क्विंटलमागे दोनशे रुपये कमी घ्या नाहीतर माल भरून न्या, असे आम्हाला सांगण्यात आले. ओतलेला माल पुन्हा भरायची मजुरी आणि दुसऱ्या दिवशीच्या लिलावाचा भाव यांचा विचार करून बहुतेक लोक मान तुकवतात. माझे यजमान समितीच्या कार्यालयात गेले, तिथून एक निरीक्षक आणि एक संचालक खळ्यावर आले, त्यांनी माल पाहिला आणि दोनशेचे साठ झाले. हे आम्हाला मिळाले ते त्या दिवशी संचालक आवारात हजर होते म्हणून. मतदाराला संचालकाकडून नेमके काय हवे असते याचे याहून चांगले उदाहरण माझ्याकडे नाही: सकाळी लिलावाच्या वेळी त्याने आवारात असावे. मला मत मागायला आलेल्या उमेदवारांना मी हाच एक प्रश्न विचारला होता, आठवड्यातून किती सकाळी तुम्ही आवारात असाल. दोघांनी थेट उत्तर दिले, बाकीच्यांनी विकासकामांची यादी दिली. त्या दोघांना मी मत दिले.

मंडळाच्या ताकदीची सीमा मात्र २०२३ च्याच सप्टेंबरात दिसली. केंद्राने ऑगस्टमध्ये कांद्याच्या निर्यातीवर चाळीस टक्के शुल्क लावले, आणि २० सप्टेंबरपासून नाशिक जिल्ह्यातल्या व्यापाऱ्यांनी लिलावात भाग घेणे बंद केले. जवळपास दोन आठवडे आवारे ओस पडली. नवे मंडळ येऊन पाच महिनेही झाले नव्हते. परवाना देणारी समिती आहे, परवान्याच्या अटीत लिलावात भाग घेणे आहे, भूखंड समितीचे आहेत; तेव्हा नोटिसा निघाल्या, परवाने रद्द करण्याची भाषा झाली. पण एकाच वेळी सारे खरेदीदार थांबले तर अठरा संचालक ठराव करून कांदा विकत घेऊ शकत नाहीत. निर्यातीचे धोरण दिल्लीत ठरते आणि त्याचा रोष फाटकावर सभापतींना ऐकावा लागतो. नवीन खरेदीदारांना झटपट परवाने देण्याचा अधिकार मंडळाने शांत काळात वापरला असता, तर बंदच्या काळात त्याला थोडे तरी बळ मिळाले असते असे मला वाटते. ज्या दोन संचालकांना व्यापाऱ्यांनी निवडून दिलेले असते ते या विषयावर काय बोलणार हे उघड आहे, आणि त्यात त्यांचा दोष नाही. त्यांना त्यासाठीच निवडलेले असते. शेतकऱ्यांच्या पंधरांनी काय केले हा प्रश्न विचारायला हवा.

हमाल-तोलाऱ्यांच्या एका जागेबद्दलही दोन शब्द. पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने आणि मुंबईत अण्णासाहेब पाटलांच्या माथाडी चळवळीने पाठीवर ओझे वाहणाऱ्या माणसाला संघटना दिली, १९६९ चा माथाडी कायदा त्यातून झाला, आणि बाजार समितीतल्या या जागेला अर्थही त्यातूनच आला. २०२४ च्या एप्रिलमध्ये हमाली, तोलाई आणि लेव्हीच्या (माथाडी मंडळाकडे भरायच्या रकमेच्या) वादावरून आमच्या जिल्ह्यात लिलाव पुन्हा थांबले, तेव्हा अठरातला तो एक संचालक किती एकटा पडतो हे दिसले. शेतकरी आणि हमाल यांच्यात भांडण लावून देणे सोपे असते, कारण दोघांच्याही पदरात पडणारे पैसे एकाच पट्टीवर छापलेले असतात.

वाशीच्या मुंबई बाजार समितीचा साचा मात्र वेगळा होता. तिथे राज्याच्या सहा महसूल विभागांतून प्रत्येकी दोन शेतकरी प्रतिनिधी आणि कांदा-बटाटा, भाजीपाला, फळे, धान्य व मसाला या पाच बाजारांचे व्यापारी प्रतिनिधी, अशी रचना २०२० च्या निवडणुकीत होती. विभागांतल्या बाजार समित्यांचे संचालक तिथल्या शेतकरी प्रतिनिधींचे मतदार ठरत. म्हणजे माझ्यासारख्यांनी निवडलेले संचालक पुढे आणखी एका मंडळाला मत देत. सासऱ्यांना हे सांगितले तेव्हा त्यांनी बोटांवर पायऱ्या मोजल्या आणि चौथ्या बोटाशी थांबले.

गेल्या महिन्यात आमच्या ग्रामसभेत मी एक ठराव मांडला. बाजार समितीच्या मासिक बैठकीचे इतिवृत्त आणि त्या महिन्यात आलेल्या व मिटलेल्या वांध्यांची संख्या आवाराच्या फाटकावर, लिलावाच्या वेळापत्रकाशेजारी, लावली जावी अशी विनंती त्यात आहे. ठराव एकमताने झाला. त्याची प्रत मी स्वतः समितीच्या आवक-जावक टेबलावर दिली आणि पोहोच घेतली. शेजारच्या चार गावांतल्या सदस्यांनीही असाच ठराव करायचे कबूल केले आहे. माझी ग्रामपंचायतीची मुदत बाजार समितीच्या मुदतीआधी संपेल, त्यामुळे २०२८ च्या यादीत, पद्धत हीच राहिली तर, माझ्या जागी दुसऱ्या कोणाचे तरी नाव असेल. जी बाई किंवा जो भाऊ तिथे असेल त्याच्यासाठी मी उमेदवारांना विचारायच्या प्रश्नांची एक यादी दप्तरात लावून ठेवली आहे. पहिला प्रश्न सकाळच्या हजेरीचाच आहे.